मंत्री साहेब, तीन औषधं एका पंपात टाकली की काय होतं ते कोणी तपासलंय का?

मा. केंद्रीय कृषिमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला साडेचार एकरवाला कापूस शेतकरी. तुमच्याकडं वेळ कमी म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलंय, बघू जमतं का.

मागच्या मंगळवारी माझा लहान भाऊ पऱ्हाटीवर फवारणी करून आला अन् ओट्यावरच आडवा झाला. घाम असा की बनियान पिळावं, तोंडातून लाळ, नजर धूसर, मांड्या आपोआप थरथरतायत. शेजाऱ्यानं गाडी काढली, भावाला मधात बसवलं, मागून मी धरलं अन् सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरनं पहिलं विचारलं, "कोणतं औषध मारलं?" आमच्याकडं विषालाही औषधच म्हणतात साहेब. मी म्हणलं तीन मारले. एक बोंडअळीचं, एक पांढऱ्या माशीचं अन् एक दुकानदारानं वरून दिलेलं टॉनिक, सगळं एकाच पंपात. डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

त्याचं तरी काय चुकलं? ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असलं तर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन उतारा म्हणून देता येतं, पांढऱ्या माशीवरचं डायफेन्थ्युरॉन असलं तर त्यावर खास उताराच नाही. रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेटनं कमी होणारं एन्झाइम, तपासलं की निदान अंदाज येतो. ती तपासणी तिथं होत नाही. 2017 नंतर होणार असं आम्हाला सांगितलं होतं, सभेत, माईकवर, टाळ्या घेऊन. त्या वर्षी एकट्या आमच्या जिल्ह्यात फवारणीनं 20 च्या वर माणसं गेली, सातआठशे दवाखान्यात होते, कोणी हजार सांगतं, तुम्ही नीट मोजले असतील तर कळवा.

चार रात्री मी व्हरांड्यात काढल्या. भाऊ झोपेत हात उडवायचा, बायको त्याची उशाशी बसून, पोरगी विचारते काका बाबा आंधळे होतील का. इकडं वावरात तण माजलं, मजुरीचे पैसे इंजेक्शनात गेले, ते बाहेरून आणायला लावले. जाऊ द्या, हे तुम्हाला सांगून काय होणार.

कंपनी प्रत्येक औषधाची वेगळी नोंदणी करते, या पिकावर या किडीला एवढे मिली. पण शेतात एकेकटं मारतं कोण? तीन-चार मिसळूनच मारतात, हे कृषी सेवा केंद्राच्या पोऱ्यालाही माहीत आहे. मग ती मिसळ माणसाच्या अंगात काय करते हे शोधायचं कोणी? कृषीवाले अळी मेली का बघतात, केमिस्ट्रीवाले रेणू बनवतात, डॉक्टरला आम्ही दिसतो ते तोंडाला फेस आल्यावर. तिघांना एका टेबलावर बसवायला तुमच्याइतका मोठा माणूस देशात दुसरा कोण?

अन् मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाचं तर विचारूच नका. 2013 ला बिहारात सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 लेकरं गेली ती त्यानंच. 2020 ला 27 कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला तुमच्या मंत्रालयानं, त्यात हे होतं. मग हरकती, मग समिती, मग 2023 ला 36 टक्के मोनोक्रोटोफॉसवाल्या औषधावर बंदी, तीही दुकानातला माल खपवायला वर्षाची मुदत देऊन! मालाची केवढी काळजी. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, नवीन बिल 2008 ला आणलं, 2020 ला परत आणलं, आम्ही तोवर फवारतोच आहोत. बोंडअळीला स्वतःच मारणारी बीटी कपाशी आली 2002 ला तेव्हा म्हणले फवारणी कमी होईल. गुलाबी बोंडअळी ते ऐकायला थांबली नाही.

तुमच्या खात्यात एकेकाळी आमच्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख मंत्री होते. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अकोल्यात आहे, नागपुरात केंद्राची कापूस संशोधन संस्था आहे. म्हणजे माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत. मग तालुक्याला एक रक्ततपासणीचं मशीन अन् दुकानात विकली जाणारी मिसळ तपासायचा हुकूम, एवढं जड जातंय का? पाकिटातला कागद तरी वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. मी भिंग घेऊन बसलो होतो, दुसऱ्या ओळीला डोळे दुखले.

भाऊ घरी आलाय, पेपर अजून वाचता येत नाही. काल दुकानदाराचा फोन होता, नवीन औषध आलंय, जोरदार आहे, सोमवारी फवारून घ्या म्हणतो. पंप आता मलाच उचलायचा आहे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कापूसवाला