सिस्टर, तुम्ही पट्टा पुन्हा पुसलात

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. कौतुक झालं तरी नर्सला ऑफिसात बोलावून चार प्रश्न विचारतात, हे आप्पांसोबत मिरजेत काढलेल्या १७ दिवसांत मी पाहिलंय. तुम्हाला ओळख पटावी म्हणून एवढंच सांगते : पुरुष सर्जरी वॉर्ड, खिडकीकडून दुसरी कॉट. हर्नियाचं ऑपरेशन दुसरीकडे झालेला, टाक्यांतून पू येणारा एक म्हातारा आणि त्याच्या उशाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांकडे संशयाने बघणारी त्याची मुलगी. ती मी.

आधीच्या दवाखान्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमत नाही. तिथे भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर होतं, चांगलं काचेच्या फ्रेममध्ये. त्याखाली सॅनिटायझरची बाटली. आम्ही दाखल झालो तेव्हाही ती रिकामी होती आणि निघालो तेव्हाही. दाबली की नुसती हवा. बीपीचा एकच पट्टा नऊ कॉटांवर फिरायचा. शेजारच्या काकांच्या पायाची जखम वाहत होती. त्यांच्या दंडावरून सुटलेला पट्टा, आतून घामाने ओलसर, तसाच आप्पांच्या दंडावर यायचा. ड्रेसिंग करणाऱ्या मुलाच्या हातात ग्लोव्हज दिसले तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं! मग तो त्या काकांचं ड्रेसिंग आटोपून त्याच ग्लोव्हजने आमच्याकडे वळला. ते ग्लोव्हज त्याला जपत होते, आम्हाला नाही.

तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "जरा पट्टा पुसून घेता का?" उत्तर आलं, "ताई, एवढी भीती असेल तर स्पेशल रूम घ्या." राऊंडला डॉक्टर आले, त्यांच्याही कानावर घातलं. ते हसून म्हणाले, "गूगल वाचून आलात वाटतं." त्यांच्यामागे उभे होते ते सगळे हसले. आप्पाही हसले, कसंनुसं, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. मला ते हसणं अजून आठवतं. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

आठव्या दिवशी पू आला. पूच्या तपासणीत, म्हणजे कल्चरमध्ये, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. तो पट्ट्यावरून आला, ग्लोव्हजवरून आला की आप्पांच्याच अंगावर होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी तसा आरोपही करत नाही. पण बाटली रिकामी होती हे तर खरं ना? आणि ते हसले होते, हेही.

असं सगळं पोटात घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो. पहिलीच रात्र. तीन वाजले असतील. तुमच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, त्यावरून तुम्ही येताय हे कळायचं. तुम्ही आप्पांची बाही वर केलीत आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, पट्टा पुसलाय का?" निघून गेलं आणि मी जीभ चावली. आता ऐकून घ्यायची तयारी ठेवली.

तुम्ही म्हणालात, "पुसलाय ताई, आत्ताच. पण तुम्ही कुठे बघितलंत?"

आणि पट्टा ट्रॉलीवर ठेवून पूर्ण उलगडलात. आतली बाजू माझ्याकडे करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलीत. मग नळी. मग तो दाबायचा रबरी फुगा, ज्याचा विचार मीसुद्धा केला नव्हता. मग वाळेपर्यंत थांबलात. काही बोलला नाहीत, घड्याळ पाहिलं नाहीत, सुस्कारा सोडला नाहीत. तेवढ्यात हातावर सॅनिटायझर घेऊन बोटांची टोकं, अंगठे, मनगटं चोळलीत आणि आप्पांना म्हणालात, "हात गार लागतील हां, आजोबा." आप्पा साखरझोपेत होते. त्यांना काय कळलं देव जाणे. मी मात्र वॉशरूममध्ये जाऊन रडले.

जंतुनाशक ओलं असतं तोवरच आपलं काम करतं, म्हणून थांबावं लागतं, हे मला नंतर समजलं. त्या रात्री वाटलं की ते मिनिट तुम्ही मलाच दिलंत. वॉर्ड भरलेला आणि ड्युटीवर तुम्ही दोघीच. पुसलेली वस्तू पुन्हा पुसायला तुमच्याकडे वेळ कुठून आला?

रात्री बाकावर बसून मी खरंच गूगल वाचलं. (डॉक्टर, तुमचा अंदाज अखेर बरोबर ठरला.) १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात सेमेलवाईस नावाचा हंगेरियन डॉक्टर होता. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात सुइणी, दुसऱ्यात प्रेतांची चिरफाड करून थेट येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी. बाळंतिणी डॉक्टरांच्या विभागात जास्त मरायच्या, इतक्या की बायका तिथे नका पाठवू म्हणून हातापाया पडायच्या. त्याने सगळ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. पण पुष्कळ डॉक्टर त्याच्यावरच उखडले. हात धुवा म्हणणं म्हणजे तुमच्या हातांनी माणसं मेली असं म्हणणं, आणि ते कोण ऐकून घेणार? १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, तोही जखम चिघळून. हे वाचलं आणि स्पेशल रूमचा टोमणा मला नव्याने कळला. मी पट्ट्याबद्दल विचारत होते. त्यांना ते स्वतःबद्दल वाटलं.

तुम्हाला तसं वाटलं नाही. का नाही वाटलं, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या गावचा न्हावी आठवला. एड्सची भीती पसरली तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ब्लेडचं पाकीट फोडतो, न विचारता. खुर्चीत सरपंच असो की गडी. कुणी हसून "दिसतंय की रं" म्हटलं तरी फोडून दाखवतोच. अशा माणसांना आपण प्रामाणिक आहोत हे सांगावं लागत नाही आणि कुणी खात्री करून घेतली तर रागही येत नाही. आपल्याकडे अशी माणसं आहेत, अजून आहेत, फक्त त्यांची फ्रेम करून कुणी भिंतीवर लावत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कॉटच्या पायथ्याशीच, आप्पांना दिसेल असा पट्टा पुसू लागलात. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या कॉटशी बसलेल्या आजी, त्यांच्या मालकांचं बीपी बघायच्या वेळी, म्हणाल्या, "आमचाबी पुसा की." शिकाऊ डॉक्टर गळ्यातला स्टेथोस्कोप आप्पांच्या छातीला लावणार एवढ्यात तुम्ही स्पिरिटचा बोळा पुढे केलात. "सर, घ्या." त्यानेही मुकाट्याने घेतला. त्या पोराचंही कौतुक आहे हो.

मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. आयुष्यभर म्हशी सांभाळलेला माणूस. म्हणाले, "कास धुतल्याबिगर आनी हात धुतल्याबिगर धारंला बसतंय व्हय कुनी? कास सुजून दगडी झालेली म्हस तर शेवटाला पिळायची, न्हाईतर समद्या गोठ्याला लागंल. आमाला हे कळतंय, तर शिकलेल्यांला न कळायला काय झालं?" मग थोड्या वेळाने, "त्या पोरीला कळतंय पर."

आप्पा आता बरे आहेत. जखम भरली. गोठ्यात जायला मनाई केली होती, ती त्यांनी स्वतःच उठवली. एक म्हैस व्यायला आलीय आणि तुम्हाला खरवस पाठवायचा असं त्यांनी ठरवून टाकलंय. मी म्हटलं, वॉर्डात बाहेरचं खाणं चालत नाही, सिस्टर घेणार नाहीत. ते म्हणाले, "चीक हात धुऊन काढलाय म्हनून सांग. आनी इस्वास नसंल तर म्हनावं, धारंच्या टायमाला या बघायला."