टिश्यू कल्चरच्या खारकेची हमी कोणाची?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

बारही जातीच्या खारकेच्या लागवडीतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या यशोगाथा आपल्या शेतीपानावर अधूनमधून येतात, त्या खोट्या नाहीत. पण टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या ऊतीपासून वाढवलेल्या, रोपांतून निघणाऱ्या सदोष झाडांबद्दल त्यात अवाक्षरही नसते, म्हणून हे पत्र.

माझ्या एकरभर बागेत आठ बाय आठ मीटरवर साठ झाडे आहेत. चौथ्या वर्षी फुलांच्या पोया उकलल्या, हाताने परागीकरण केले, आणि महिनाभरात सात झाडांचे घड वेगळे दिसू लागले. खारकेच्या मादी फुलात तीन स्त्रीकेसर असतात आणि फलधारणेनंतर त्यांतला एकच वाढतो. या झाडांवर मात्र देठाकडच्या एकेका टोपीला तीन-तीन बारीक, बिनबियांची फळे चिकटलेली होती. रोपवाटिकेचे म्हणणे, परागीकरण चुकले. तसे झाले तरी अशीच फळे धरतात, हे मान्य. पण त्याच दिवशी, त्याच नर झाडाच्या परागाने शेजारची झाडे भरली, त्याचे काय?

बारहीतला हा दोष आखाती देशांतल्या बागांतही आढळला आहे. खुरटलेली वाढ, पानांवर पांढरे पट्टे, लांबलेला फुलोरा हे त्याचेच भाऊबंद. प्रयोगशाळेत संजीवकांची (वाढ घडवणाऱ्या द्रव्यांची) मात्रा जास्त झाली किंवा एकाच ऊतीपासून वर्षानुवर्षे रोपे काढत राहिले, की असे बदल वाढतात. जळगावच्या केळीत विकृत रोप लवकर ओळखू येते आणि गेलाच तर एक हंगाम जातो. खारकेत चार वर्षांचे पाणी, खत आणि जागा जाते.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था 2006 पासून आहे. तीत रोप विषाणूमुक्त आहे का आणि मातृवृक्षाशी जुळते का, हे तपासतात; पण जनुकांची रचना तीच राहून त्यांचे काम बदलले, तर नेहमीच्या चाचणीत ते सापडेलच असे नाही. म्हणून मातृवृक्ष कोणता आणि रोपे कितव्या पिढीतली, हे विक्रेत्याने पावतीवरच लिहून द्यावे आणि हमी रोप जगण्यापुरती न ठेवता पहिल्या दोन बहरांपर्यंत असावी. पाचव्या वर्षी बदली रोप फुकट मिळाले, तरी पुन्हा चार वर्षे थांबणे आलेच. आपणही यशोगाथा छापताना किती झाडे सदोष निघाली, एवढे विचारून घ्यावे.

वय वाढल्यावर काही झाडे सुधारतात, असा परदेशातल्या बागांचा अनुभव आहे. त्या भरवशावर सातांपैकी तीन झाडे आणखी दोन बहर ठेवणार आहे. उरलेली चार या पावसाळ्याआधी काढतो आहे.

आपला,
एक खारीक उत्पादक, जालना जिल्हा