तिसऱ्या प्रवेशातलं स्वगत

प्रिय सुहास,

तुझ्या नाटकाची संहिता दोनदा वाचली. पहिले दोन प्रवेश छान बांधले गेलेत. तिसऱ्यातल्या थोरल्या भावाच्या स्वगतापाशी मात्र मी अडलो, म्हणून हे पत्र.

दीड पान तो धाकट्याला कसं वाढवलं, घर कसं उभं केलं तेच सांगतो. अरे, एकटा माणूस स्वतःला ठाऊक असलेली हकिगत स्वतःलाच कशाला ऐकवेल? माझ्या पहिल्या नाटकात मीही हेच केलं होतं. तालमीत नटानं शांतपणे विचारलं, "हे मी आत्ताच का बोलतोय?" मला उत्तर देता आलं नाही. आज स्वगत लिहायला बसलो की आधी तोच प्रश्न स्वतःला विचारतो.

स्वगत हे स्वतःशी भांडण असतं. पात्रापुढे काहीतरी ठरवायचं हवं, आणि काय ठरणार हे पहिल्या वाक्याला त्यालाही माहीत नको. शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाच्या खुनाला निघतो तेव्हा समोर दिसणारा खंजीर धरू पाहतो, तो हाती लागत नाही, आणि तिथून त्याचं बोलणं पुढे सरकतं. शेवटी घंटा वाजते, तो आत जातो.

तुझ्या थोरल्यासमोर वाटणीचा कागद आहेच. त्याला पेनाचं टोपण काढू दे. "सही. दोन सेकंदांचं काम." टोपण परत लावू दे. "चष्मा कुठे ठेवला मी?" चष्मा डोळ्यांवरच आहे. इथे एक पॉज. प्रेक्षकांना सगळं कळलेलं असतं, तेव्हा पुढचं "मी आतून खचलोय" काढून टाक. ते वाक्य तुझं आवडतं आहे हे मला माहीत आहे, तरीही.

आणखी एक. संस्कृत नाट्यपरंपरेत स्वगत वेगळं आणि आकाशभाषित वेगळं. दुसऱ्यात पात्र रंगमंचावर नसलेल्या माणसाशी बोलतं. तुझा थोरला एका ओळीत स्वतःशी बोलतो, दुसरीत वारलेल्या वडिलांशी, तिसरीत थेट प्रेक्षकांशी. नटानं नजर ठेवायची कुठे? वडिलांशी बोलायचंच असेल तर एकदाच, अगदी शेवटी, सही करण्याआधी.

लांबीची चिंता करू नकोस. उभा राहून मोठ्यानं वाच. श्वास तुटेल तिथे वाक्य तोड. अर्धवट राहिलेली वाक्यं तशीच ठेव, माणूस एकटा असताना असाच बोलतो.

नवा खर्डा झाला की लगेच पाठव. मी वाट बघतोय.

तुझा,
अविनाश