'अखंड' म्हणून विकलेला कापलेला बॉण्डपट : तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'लायसन्स टू किल' (१९८९) या चित्रपटाची छाटलेली आवृत्ती 'मूळ, अखंड' अशा जाहिरातीखाली विकल्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या ॲपवरून मी जुन्या बॉण्डपटांचा संच विकत घेतला. भाड्याने नाही, विकत. संचाच्या पानावर 'मूळ, अखंड आवृत्ती' असं ठळक लिहिलेलं आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पावती सोबत जोडली आहे. प्रत्यक्षात 'लायसन्स टू किल'मधल्या हिंसेच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रसंगाला कात्री लागलेली आहे, आणि तसं कुठेही सांगितलेलं नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. २००६ मध्ये या चित्रपटाची न कापलेली आवृत्ती डीव्हीडीवर आली, ती माझ्याकडे आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या. बॉण्डचा मित्र फेलिक्स लायटर याला शार्कच्या टाकीत सोडतात तो प्रसंग तुमच्याकडे पाण्यात उडालेल्या गोंधळावरच थांबतो. खलनायक सांचेझचा हस्तक दारिओ पिसाई यंत्रात सापडतो, त्याचं काय झालं, ते प्रेक्षकाने समजून घ्यायचं. सर्वांत वाईट सांचेझचा साथीदार क्रेस्ट याचा मृत्यू. सांचेझ त्याला दाबाच्या कोठडीत कोंडतो, दाब वाढवतो आणि कुऱ्हाडीने नळी तोडतो. क्रेस्टचं डोकं फुगून फुटतं, आत रचलेल्या नोटा रक्ताने माखतात. मग सांचेझचा माणूस विचारतो, पैशांचं काय करायचं? सांचेझ म्हणतो, धुऊन काढा. हा त्या चित्रपटातला सर्वांत काळा विनोद आहे. तुमच्या आवृत्तीत कुऱ्हाडीचा घाव बसताच दृश्य उडी मारून थेट त्या वाक्यावर येतं. नोटांवर रक्तच दिसलं नाही, तर धुवायचं काय?

हा चित्रपट १९८९ सालीही कापला गेला होता, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेत पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा) या प्रमाणपत्रासाठी छाटणी झाली. ब्रिटनमध्ये तर छाटूनही १५ (पंधरा वर्षांखालच्यांना मज्जाव) हे प्रमाणपत्र मिळालं. तिथे ते मिळालेला हा पहिला बॉण्डपट. तेव्हा चित्रपटगृहातली आवृत्ती देणार असाल तर जरूर द्या, पण तिला 'चित्रपटगृहातली आवृत्ती' म्हणा. 'कसिनो रॉयल'चं (२००६) पाहा. ब्रिटनमध्ये १२ए (बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) या प्रमाणपत्रासाठी त्यातला छळाचा प्रसंग आखडला, आणि न कापलेली आवृत्ती पुढे १५ प्रमाणपत्रासह स्वतंत्रपणे बाजारात आली. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी.

आपल्या प्रतिनिधींनी चॅटवर आधी 'कॅशे साफ करा' असं सुचवलं. नंतर 'प्रेक्षकांच्या सोयीसाठी काही दृश्ये सौम्य केली असू शकतात' असं उत्तर आलं. कुणाची सोय? चित्रपटावर तुम्ही स्वतःच 'ए' वर्गीकरण लावलं आहे, शेजारी 'तीव्र हिंसा' अशी सूचना आहे. म्हणजे पिन टाकून, प्रौढ असल्याची खात्री देऊन आत शिरायचं, आणि आत गेल्यावर तीव्र हिंसा काढून ठेवलेली! माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये वयाची वर्गवारी आणि पालकांसाठी कुलूप यांची तरतूद आहे, ती प्रेक्षकाला आधी कळावं आणि त्याने ठरवावं म्हणूनच.

मला रक्त पाहायची हौस आहे असा समज कृपया करून घेऊ नये. ही सूडाची गोष्ट आहे. बॉण्ड नोकरीवर पाणी सोडतो, वरिष्ठांचा हुकूम मोडतो, कारण लायटरची काय दशा झाली ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. आपण ते पाहिलंच नाही तर बॉण्ड झालेल्या टिमोथी डाल्टनचा संताप उगाच त्रागा वाटतो. शेवटी सांचेझला तो ज्या सिगारेट लायटरने पेटवतो, तो लग्नात लायटर दांपत्याने दिलेला असतो. आणि नेमकं ते जळणंही तुम्ही आवरतं घेतलं आहे. याच संचातल्या 'डॉ. नो'मध्ये (१९६२) पिस्तूल रिकामं झालेल्या डेंट या खलनायकाच्या हस्तकाला बॉण्ड थंडपणे गोळ्या घालतो. तो प्रसंग शाबूत आहे, तेवढ्याबद्दल आभार.

२०१५ मध्ये 'स्पेक्टर' आला तेव्हा आपल्या सेन्सॉर बोर्डाने चुंबनदृश्यं निम्म्यावर आणली आणि समाजमाध्यमांवर 'संस्कारी बॉण्ड' म्हणून भरपूर थट्टा झाली. पण निदान कात्री कुणाची आणि किती, हे सगळ्यांना कळलं होतं. ओटीटीवर ते बोर्डही नाही. मग ही कात्री कुणी चालवली, की तुम्ही जुनी प्रत आणून तिच्यावर नवं लेबल डकवलं, हे मला लेखी हवं आहे.

एक तर न कापलेली आवृत्ती माझ्या खात्यात उपलब्ध करून द्यावी, नाहीतर संचाची पूर्ण रक्कम परत करावी. एका चित्रपटापुरती सवलत, कूपन वगैरे नको. पानावरचा 'अखंड' हा शब्दही निर्णय होईपर्यंत काढून टाकावा. वरील नियमांनुसार १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तो न आल्यास स्वयंनियमन संस्थेकडे अपील करीन, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडे जाईन.

कॅशे साफ करून झालेली आहे.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत : पावती, जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, चॅटची प्रत