ध्यानचंद यांच्याशी तुलनेची घाई कशाला?

रविवारच्या क्रीडा पानावरील उदयोन्मुख हॉकीपटूविषयीचा लेख वाचला. पोरगा गुणी आहे, यात वादच नाही. पण त्याला आत्ताच मेजर ध्यानचंद आणि धनराज पिल्ले यांच्या पंक्तीला बसवणे पटले नाही. ध्यानचंद यांनी १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये १४ गोल केले, ते गवतावर. १९७६ला माँट्रियलमध्ये कृत्रिम मैदान आले आणि आपला संघ थेट सातवा आला. पुढे नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियमही गेला. आजचा आघाडीपटू गोलजाळ्याजवळ ठाण मांडून उभा राहू शकतो, ध्यानचंद यांना ती मुभा नव्हती. मग नुसत्या गोलांची बेरीज मांडून काय कळणार? धनराज तर चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला; या पोराची तर आत्ता कुठे सुरुवात आहे.

ऐरोली-नेरुळहून चर्चगेटच्या टर्फवर (कृत्रिम मैदानावर) सरावाला जाणारी मुले लोकलच्या गर्दीत स्टिक छातीशी उभी धरून, अंग चोरून प्रवास करतात. (क्रिकेटच्या किटला मात्र लोक आपणहून जागा देतात!) लेखातल्या खेळाडूचे ड्रिबलिंग (चेंडू स्टिकने खेळवत पुढे नेणे) कसे, रिव्हर्स फटका (स्टिक उलटी फिरवून मारलेला) कसा, हे त्यांना वाचायला आवडले असते. लेखात त्याबद्दल एक ओळही नाही.

– एक हॉकीप्रेमी वाचक, ऐरोली, नवी मुंबई