अक्का, तुम्ही खोडलेल्या त्या एका शब्दासाठी

वकील अक्का, नमस्कार.

समोर बसून थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, कितीतरी वेळा झालंय हे, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

डिसेंबर २०२२. नशिराबादजवळ हायवेवर माझ्या जोडीदाराच्या गाडीला ट्रकनं मागून उडवलं. मी धावत दवाखान्यात पोचलो तर काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? आठ वर्षं एका घरात राहतोय, त्याचा ब्लड ग्रुप, त्याची बीपीची गोळी, कुठलं औषध त्याला चालत नाही, सगळं मला पाठ, आणि तोंडातून शब्द निघाला "मित्र". मग रक्ताचं कोणी बोलवा म्हणाले. त्याचा भाऊ सुरतेहून येईपर्यंत पायाचं ऑपरेशन थांबलं. चार वर्षं त्याच्याशी एक शब्द न बोललेल्या भावाची सही चालली, माझी चालली नाही. त्या रात्री कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून मी जे काही सहन केलं ते मी आजपर्यंत फक्त तुम्हालाच सांगितलंय.

वरून कंपनीत सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, मित्रासाठी पंधरा दिवस कसे देणार, बायको असती तर गोष्ट वेगळी. मग खरं काय ते सांगावं लागलं आणि दोन दिवसांत सगळ्या फ्लोअरवर झालं. डबा खायला बसलो की लोक उठून जायचे, एक जण तर माझ्या टेबलावर घाणेरडं काहीतरी लिहून गेला. राजीनामा टाईप करून ठेवला होता मी. आमच्या गल्लीतल्या नोटरीकाकांनी तुमच्याकडे पाठवलं नसतं तर तो गेलाच असता.

तुमचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. कधीपासून, कसं काय, घरी माहितीये का, यातलं काहीच नाही. "त्याच्यापाशी आत्ता कोण आहे? आणि तू जेवला का?" मग ड्रॉवरमधून केळीचे वेफर्स काढून दिले आणि कोरा कागद घेऊन बसलात.

मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मी लिहून आणला होता. नात्याच्या जागी "मित्र" लिहिलेलं. तुम्ही चष्मा वर केला, लाल पेनानं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, "माझा जीवनसाथी". मी घाबरलो, म्हटलं अक्का कोणी बघेल. तुम्ही म्हणालात, "मित्राला घर का दिलं असं उद्या भाऊबंद विचारतील, तेव्हा उत्तर कागदातच पाहिजे. अर्धं खरं लिहिलं की कागद लंगडा पडतो भो." मग एकेक समजावलंत: मृत्युपत्राला स्टँप ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण आपण करायचीच, साक्षीदार दोन हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार घ्यायचा नाही. कुलमुखत्यारपत्र माणूस जिवंत आहे तोवरच चालतं, तो गेला की त्या क्षणी संपतं, म्हणून दोन्ही वेगवेगळी हवीत. लिव्हिंग विल, म्हणजे स्वतःला बोलता येणार नाही अशा शेवटच्या आजारात उपचार कुठवर करायचे ते आधीच लिहून ठेवायचा कागद, त्याचे नियम सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सोपे केले, आता नोटरी चालतो, हेही तुम्हीच शोधून काढलंत आणि त्यात आम्ही दोघांनी एकमेकांची नावं टाकली. साक्षीदार म्हणून तुमचे सर आले आणि खालच्या झेरॉक्सवाल्या दादांनी दुकान अर्धा तास बंद ठेवून सही केली.

पण तुम्ही मला खोटी आशा कधीच दाखवली नाही, याचेही आभार. "हे ठिगळ आहे, लुगडं नाही" असं म्हणाला होतात. बरोबरच होतं ते. पीएफमध्ये कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो आणि त्या व्याख्येत आम्ही एकमेकांचे कोणीच नाही. लग्न झालेल्याला एका सर्टिफिकेटवर जे मिळतं त्यासाठी आम्ही फाईल भरून कागद केले आणि तरीही निम्मं हातात नाही.

ऑफिसचंही तसंच. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालात, ज्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपली सुटका झाली, कोर्टानं म्हटलंय की लिंगावरून भेदभाव नको म्हणजे लैंगिक कल यावरूनही नको, पण तो हक्क सरकारविरुद्ध चालतो. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे, त्यात नोकरीतल्या भेदभावाला बंदी आहे. ऑफिसमधल्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त बाईच्या तक्रारीसाठी. खासगी कंपनीतल्या गे माणसाला यातलं एकही दार उघडत नाही. मी तर हे ऐकून उठायलाच लागलो होतो. तुम्ही म्हणालात कंपनीची स्वतःची नियमावली आण. रात्री बसून चाळीस पानं वाचलीत आणि बोट ठेवलंत त्या ओळीवर, "घरात सोबत राहणाऱ्या व्यक्तीच्या आजारपणासाठी रजा". बायको असा शब्दच नव्हता तिथं! पत्र गेलं, पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली, टेबलावर लिहिणाऱ्याला लेखी ताकीद मिळाली. मेडिक्लेममध्ये मात्र त्याचं नाव आजही नाही, तिथं नवरा किंवा बायकोच लागते.

१७ ऑक्टोबर २०२३ ला, समलिंगी लग्नावरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या दिवशी, मी अर्धा दिवस टाकून तुमच्या ऑफिसात आलो होतो. मोबाईल फायलीला टेकवून ठेवला होता, बाहेर पक्षकार ताटकळले होते आणि तुम्ही त्यांना थांबा म्हणालात. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्ती एकमत, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट बदलणं संसदेचं काम, आणि जोडप्यांच्या नात्याला निदान काही कायदेशीर मान्यता द्यावी का यावर तीन विरुद्ध दोन, आम्ही हरलो. मी रडलो. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मग एवढंच म्हणालात, "संसदेचं काम म्हणाले ना, मग संसदेला लिहू." आणि खरंच जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, चारही खासदारांना पत्रं लिहिलीत, मराठीत, स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या सहीनं. ज्या गावात वकिलाचं नाव तोंडोतोंडी चालतं तिथं ही सही करायला काय लागतं ते मला कळतं अक्का. ९ जानेवारी २०२५ ला त्या निकालाचा फेरविचार करा म्हणणाऱ्या रिव्ह्यू पिटिशनही फेटाळल्या तेव्हा तुम्ही पुन्हा तीच चार पाकिटं काढलीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की समलिंगी जोडप्यांना जॉइंट अकाउंट आणि नॉमिनेशनला काहीच अडचण नाही, तर त्याची प्रिंट तुम्ही आम्ही मागायच्या आधीच पाठवून दिली. बँकेतल्या पोरीनं ती शांतपणे वाचली आणि दोन फोटो मागितले. पासबुकवर एकाखाली एक दोघांची नावं छापून आली, ते पासबुक आता त्या लाल पेनाच्या मसुद्यासोबत एकाच फाईलमध्ये आहे.

माझी माय अमळनेरकडची, कायदा वगैरे तिला कळत नाही. तुम्ही एकदा तिच्याशी फोनवर अहिराणीत तासभर बोललात, काय बोललात ते दोघींनीही सांगितलं नाही. त्यानंतर पहिल्यांदा ती आमच्या घरी राहायला आली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "तो बी मन्हा आंडोरच शे."

फी तुम्ही घेत नाही, नोटरीचे आणि नोंदणीचे तेवढे पैसे घेतलेत, त्यामुळे आता ऐका. थंडी पडली की भरीत पार्टी आहे, मळ्यात. वांगी बामणोदहून आणणार, माय कळण्याच्या भाकरी करणार आणि भाजायला आमचा हा बसणार, पाय आता पूर्ण बरा आहे त्याचा. सरांना घेऊन या. झेरॉक्सवाल्या दादांना मी आधीच सांगून ठेवलंय, ते येतायत.

तुमचा,
तुमच्या फायलीतला जीवनसाथी नंबर एक