मा. कामगार मंत्र्यांना खुले पत्र : आठवड्याला 59 तास राबवून ताण कमी होणार नाही

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची दैनिक मर्यादा 9 वरून 12 तासांवर आणि तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइम कामगाराच्या लेखी संमतीनेच होईल, असं आश्वासन सोबत दिलं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या गेटाआत अशा आश्वासनांचं काय होतं ते आम्ही रोज बघतो, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. तिमाहीत 13 आठवडे. 144 भागिले 13, म्हणजे आठवड्याला 11 तास. नेहमीचे 48 धरून 59. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा अधिक तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 64 खाली तिमाहीला 50 तास ओव्हरटाइमची मर्यादा होती, म्हणजे सरासरी आठवडा 52 तासांच्या आत राहत होता. तेव्हा हा अभ्यास कुणाच्या हातात नव्हता. आपल्या हातात आहे, आणि तरीही 115 तासांनी आधीच ओलांडलेली 55 ची रेषा आपण आणखी मागे टाकली.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने बघा. रोज 12 तास धरले तर 48 तास चार दिवसांत भरतात. पाचवा दिवस ओव्हरटाइमचा. 144 तास म्हणजे तेरापैकी बारा आठवड्यांत असा पाचवा दिवस. तीन शिफ्टची माणसं दोन शिफ्टमध्ये बसवण्याची ही सोय आहे, आणि ती कामगाराने मागितलेली नाही.

आता संमतीबद्दल. ती कामावर घेतानाच घेतली जाते. पीएफचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, ओळखपत्राचा फॉर्म आणि त्याच गठ्ठ्यात ओव्हरटाइमचा कागद, बहुतेकदा इंग्रजीत. कंत्राटी पोरगा नंतर 'आज थांबत नाही' म्हणाला तर त्याला कोणी नोटीस देत नाही. पुढच्या आठवड्याच्या यादीत त्याचं नाव नसतं, एवढंच. सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळणार, म्हणजे कामावरून कमी केलं जाणार, हे माहीत असलेल्या माणसाकडून घेतलेल्या सहीला संमती म्हणायला आम्ही तयार नाही.

तरीही ताणाचा विषय निघाला की उपाय ठरलेला: कॅन्टीनमध्ये तासाभराचं व्याख्यान, दीर्घ श्वास, सकारात्मक विचार. श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत. पण ताण जिथे तयार होतो तिथे व्याख्याता जात नाही, आणि तुमचे अधिकारीही जात नाहीत.

तो तयार होतो टार्गेटच्या फळ्यावर. शिफ्ट 480 मिनिटांची. जेवणाची 30 मिनिटं वजा केली आणि पाणी-लघवीसाठी 10 मिनिटं दोनदा धरली, तर उरतात 430. सायकल टाइम, म्हणजे एक जॉब (नग) काढायला लागणारा वेळ, 60 सेकंद असेल तर जॉब 430 निघतील. फळ्यावर मात्र 480 लिहिलेले असतात. हे पन्नास जॉब माणूस कुठून काढतो? जेवण पंधरा मिनिटांत उरकतो, पाणी पीत नाही, आणि प्रेसवर हात यंत्राबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, त्यांपैकी एक बांधून ठेवतो. बोटं जातात ती इथे. लाईनवरच्या बायका लघवीला जावं लागू नये म्हणून आठ-आठ तास कोरड्या राहतात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या गोळ्या खातात. यावरचा उपाय साधा आहे. पंधरा स्टेशनच्या लाईनला प्रत्येकी 20 मिनिटं सोडवणूक द्यायची तर 300 मिनिटं लागतात, म्हणजे एक रिलिव्हर (थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली माणूस) पुरतो आणि त्याचे तीन तास उरतातही. हा एक माणूस वाचवण्यासाठी पंधरा जणांना कोंडलं जातं.

तो तयार होतो शिफ्टच्या तक्त्यातही. सेकंड शिफ्ट रात्री 11 ला सुटते. त्याच माणसाला सकाळी 7 च्या फर्स्टला बोलावलं की मध्ये उरतात आठ तास. गिरणारे किंवा त्र्यंबककडे जायचं-यायचं, जेवायचं, आंघोळ करायची. झोप पाच तासही होत नाही. दोन शिफ्टमध्ये किमान 11 तास अंतर हवं. पाळी फिरवायची तर फर्स्ट, सेकंड, नाईट अशी पुढे फिरवा. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. उलट्या क्रमाने फिरवली की शरीर रुळायच्या आत पुढची पाळी येते. सलग रात्रपाळ्या तीनपेक्षा जास्त नकोत. पहाटे 3 ते 5 या वेळात सावधपणा सर्वांत कमी असतो, तेव्हा डाय (प्रेसचा साचा) बदलणं, क्रेनचं काम, टाकीत उतरणं बंद ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाईन 14416 चोवीस तास चालते, आणि ती चांगली आहे. पण अनेक कारखान्यांत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. मग आतून फोन कुठून लावायचा? कॅन्टीनजवळ एका बंद खोलीत साधा फोन ठेवणं सक्तीचं करायला किती खर्च येतो?

राग फक्त एका निर्णयावर नाही. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 व्यावसायिक रोग आहेत: शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा. ताणातून येणारा एकही आजार त्यात नाही. रात्रपाळीत छातीत कळ येऊन माणूस गेला तर बहुतेकदा तो 'स्वतःच्या आजाराने' गेला अशी नोंद होते, आणि घरच्यांना भरपाईसाठी झगडावं लागतं. केंद्राच्या नव्या कामगार संहितांमध्ये निरीक्षकावर उद्योगाला मार्गदर्शन करण्याचीही जबाबदारी टाकली आहे. पन्नास माणसांच्या शेडमध्ये कल्याण अधिकारी नाही, सुरक्षा समिती नाही, युनियन नाही. तिथल्या माणसाने तक्रार कोणाकडे न्यायची? गुंतवणुकीची प्रत्येक अडचण दूर करायला मंत्रालयात कक्ष आहे. राबणाऱ्याच्या झोपेसाठी एक परिपत्रक निघालेलं आम्ही पाहिलेलं नाही.

म्हणून मागतो ते असं. तिमाही मर्यादा अशी ठेवा की सरासरी आठवडा 55 च्या खाली राहील. ओव्हरटाइमची संमती दर वेळी वेगळ्या मराठी कागदावर घ्या, आणि नकारानंतर महिनाभरात काम थांबवलं तर कारण सिद्ध करण्याची जबाबदारी मालक आणि ठेकेदार दोघांवर टाका. चाळिशीपुढच्या कामगारांच्या वार्षिक तपासणीत रक्तदाबाबरोबर झोप आणि नैराश्याची प्रश्नावली घाला, पण तिचं उत्तर एचआरच्या हाती जाऊ देऊ नका, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखान्यांसाठी सामायिक समुपदेशक नेमा. आणि पगारपत्रकावर त्या तिमाहीत झालेल्या ओव्हरटाइमचे एकूण तास छापणं सक्तीचं करा. एक रकाना वाढेल. आज 144 तास भरले की 190, हे दाखवणारा एकही कागद कामगाराच्या हातात नसतो.

आपला,
सुरक्षा समितीवरचा एक कामगार प्रतिनिधी
सातपूर औद्योगिक वसाहत, नाशिक